आजाऱ्याचा वाटा

रविवार, दुपारी पावणेदोन. बोरखडीचं मिशन कंपाउंड. निवृत्त पाळकांच्या घराचा ओटा.

"सभेला येताय की नाही, साहेब? एवढंच सांगा."

विचारणारे होते एलिशा हिवाळे. मिशन हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक आणि बोरखडीच्या मंडळीच्या पंचांपैकी सगळ्यात जुने. पायरी चढता चढताच त्यांनी हे विचारलं. सलाम नंतर केला.

ज्यांना विचारलं ते रेव्हरंड नथनिएल भांबळ. एलिशाचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता, लग्नही त्यांनीच लावलं होतं. आता त्यांचे गुडघे गेले होते. देऊळ, म्हणजे चर्च, हाकेच्या अंतरावर होतं, तरी तिथवर जाणं जमत नव्हतं. अंगात मात्र रविवारचा पांढरा सदरा, कडक इस्त्रीचा. शेजारी स्टुलावर जेवणाचं ताट, त्यावर दुसरं ताट झाकलेलं.

"बस," भांबळसाहेब म्हणाले.

हिवाळे समोरच्या खुर्चीवर बसले.

"जरा बाजूला सरक."

वारा अडत असेल, असं वाटून हिवाळे थोडे सरकले.

चार वाजता देवळात मंडळीची सभा होती. विषय एकच. ज्याच्यावर उभं राहून पाळक उपदेश करतात ते दगडी पुलपिट उखडायचं आणि तिथे लाकडी स्टेज बांधायचं. पुलपिटानं कुणाचं काय बिघडवलं होतं, ते ठरावात लिहिलेलं नव्हतं. स्टेज कशाला, तर ड्रमसेट मावत नाही म्हणून. ड्रमसेट देवळाच्या मापाचा आणायचं कुणाला सुचलं नाही. देऊळच ड्रमसेटाच्या मापानं कापायचं ठरलं.

ते दगड हिवाळ्यांच्या आजोबांनी दुष्काळाच्या साली नदीकाठावरून गाडीनं ओढून आणले होते. गाडीला बैल नव्हते. माणसं जुंपली होती.

भांबळसाहेब सभेत येऊन एक वाक्य बोलले असते, तर ठराव पडला असता. ते बोलले नाहीत, तर उद्या सकाळी घण पडणार होते. मधला रस्ता नव्हता.

"मी खुर्चीसकट उचलून नेतो तुम्हाला," हिवाळे म्हणाले. "चार पोरं सांगून ठेवलीत."

"पोरं आपल्याकडची की नव्या पाळकाकडची?"

"आपल्याकडची."

"आपल्याकडे पोरं आहेत?"

हिवाळे हसले नाहीत. त्यांनी खटला मांडायला घेतला.

इतिहास शिकवलेला माणूस, क्रम चुकत नव्हता. नवे पाळक सुमंत अल्हाट शहरातल्या बायबल कॉलेजातून आले तेव्हापासूनचं सगळं त्यांनी सांगितलं. आधी देवळाच्या खिडक्यांना काळे पडदे लागले, कारण उजेडात स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत. भर सकाळी देवळात रात्र. मग गीतांची पुस्तकं पोत्यात भरून गोडाऊनमध्ये गेली. पेटी, तबला, झांजा, सगळं त्या पोत्यांशेजारी. आता एकच ओळ, तीच ती, घसा बसेपर्यंत. गालाला चिकटवलेला माइक. उपदेशाचा विषय, यशाच्या पाच पायऱ्या. त्यातल्या कितव्या पायरीवर येशूला खिळे ठोकले, असं हिवाळ्यांनी मागच्या सभेत विचारलं होतं. मागच्या बाकांवर हशा पिकला. अल्हाट पाळकही हसले. हिवाळ्यांना त्याचाच जास्त राग आला होता.

"पोरं येतात ना पण देवळात?" भांबळसाहेबांनी विचारलं.

"येतात. ढोल वाजला की पोरं कुठेही जातात, साहेब. वरातीतसुद्धा."

"वरातीत जेवायला घालतात."

हे उत्तर कोणत्या बाजूचं, ते हिवाळ्यांना कळेना. ते पुढे गेले.

"उपासनेतून पापांगीकारही काढून टाकला."

म्हातारबुवांची नजर इतका वेळ हिवाळ्यांच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी होती. ती आता त्यांच्या तोंडावर आली.

"काढला?"

"दोन महिने झाले. लोक उदास होतात म्हणे. रविवारी सकाळी माणसाला पापी म्हणवून घ्यायला लावणं बरं दिसत नाही म्हणे."

"ते चूक आहे."

भांबळसाहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावा लागला नव्हता.

"फार चूक आहे. आणि पडदेही चूक आहेत. देवानं उजेड आधी केला, मग बाकीचं. हे मी त्याच्या तोंडावर सांगेन."

हिवाळ्यांची छाती भरून आली. एवढ्यासाठीच तर ते आले होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग चला. हेच सभेत सांगा."

"तो सकाळी आला होता इथे. उपासनेच्या आधी."

"कोण? अल्हाट?"

"मोबाइल घेऊन. स्टेजला माझा आशीर्वाद हवा होता. म्हणाला, दोन वाक्यं बोला, पडद्यावर दाखवतो."

हिवाळे जागीच ताठ झाले. आपल्या आधी तो पोचला होता.

"दिलात?"

"त्यालाही म्हटलं, जरा बाजूला सरक."

"... मग?"

"सरकला. मोबाइलही सरकवला. म्हणाला, इथे उजेड जास्त चांगला आहे."

अल्हाट ती दोन वाक्यं न मिळताच हात हलवत परत गेले, हे हिवाळ्यांना पुरेसं होतं. पारडं आपल्या बाजूनं झुकलं, असं त्यांनी मनाशी धरलं आणि राखून ठेवलेली सगळ्यात मोठी गोष्ट काढली.

आज प्रभुभोजनाचा रविवार होता.

बोरखडीत प्रभुभोजनाची भाकरी पंचांच्या घरून पाळीपाळीनं येई. ज्वारीची, एकच, परातीएवढी. ज्या घरची पाळी, त्या घरातल्या बाईला आदल्या दिवशी कुणी वाकडा शब्द बोलत नसे. पाळक सगळ्यांदेखत मेजासमोर ती भाकरी मोडत. पेला एकच, सगळ्यांच्या ओठांना तोच. आता शहरातून खोकं येतं. त्यात बोटभर प्लास्टिकच्या वाट्या. वरचा चकचकीत कागद सोलला की पापुद्र्यासारखी चकती, त्याखालचा सोलला की घोटभर रस. ज्या घटकेला देवळात टाचणी पडली तर ऐकू यायची, त्या घटकेला आता सगळीकडून चरचर ऐकू येते.

"दवाखान्यात गोळ्यांची पाकिटं फाडल्यासारखं वाटतं, साहेब. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात काही जातच नाही. ज्याचं त्यानं फाडायचं, ज्याचं त्यानं गिळायचं."

"हं."

"मी आज घेतलं नाही. हाताची घडी घालून बसलो. माझ्या बाकावरचे सगळे बसले."

"आणि पेला?"

"पेला सुरक्षित आहे." हे सांगताना हिवाळ्यांचा आवाज थोडा वर गेला. "मी घरी नेऊन ठेवलाय. लाल फडक्यात गुंडाळून, कपाटात, कुलूप लावून. त्याच्या हाताला लागायचा नाही."

भांबळसाहेबांनी मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही.

"आणि आजाऱ्याचा वाटा?" हिवाळे म्हणाले. "त्या माणसाला तो शब्द तरी ठाऊक आहे का?"

बोरखडीची ओळख सांगायची तर ती हीच होती. मेजावर भाकरी मोडली की पहिला तुकडा बाजूला निघायचा. जो अंथरुणाला खिळलाय, त्याचा तो. पाळक आपल्या हातानं तो पंचाच्या ओंजळीत देत आणि पंच तडक त्या घरी जाई. आजारी माणसाचं दार त्या दिवशी सकाळपासून उघडं. खाटेवर धुतलेली चादर, खाटेशेजारी पंचाला बसायला स्टूल, त्यावर स्वच्छ टॉवेल. वाटा पोचेपर्यंत तो माणूस काही खात नसे. आणि पोचवल्याशिवाय पंचही जेवत नसे. हिवाळ्यांचे वडील एकदा गुडघाभर चिखलातून पलीकडच्या वस्तीवर गेले होते आणि दिवेलागणीला घरी येऊन जेवले होते. हे सगळं हिवाळ्यांनी सांगितलं. भांबळसाहेबांना ठाऊक असलेलंच सांगितलं, पण असं सांगितलं की वर्गात असतं तर पोरं गप्प बसली असती.

"आणि हा काय करतो, ठाऊक आहे? कॅमेऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, जे घरी आहेत त्यांनी हाताशी असेल ते बिस्किट घ्या, पाणी घ्या, आणि आमच्यासोबत सहभागी व्हा. वाट्याचं नाव नाही. कोण आलं नाही, ते बघतही नाही. किती जण बघतायत, ते बघतो."

यात अल्हाट पाळकांचा दोष होताच. तो इथे कमी करून सांगायचं काही कारण नाही.

भांबळसाहेबांनी खुर्चीत वाकून त्यांच्या पलीकडे पाहिलं.

मग म्हणाले, "एलिशा, जरा बाजूला सरक."

आता हिवाळे वैतागले. मघाशी पुढे ओढलेली खुर्ची उचलून त्यांनी पार भिंतीला नेऊन लावली.

"साहेब, तुम्ही जेवून घ्या आधी. ताट गार होतंय. सभेत मग भोवळ यायची."

"तू जेवलास?"

"हो, आत्ताच जेवून..."

वाक्य तिथेच राहिलं.

ओट्यावर माशी घोंगावत होती. ती झाकलेल्या ताटावर बसली, उठली, परत बसली.

हिवाळ्यांनी मान वळवली. भांबळसाहेब इतका वेळ जिकडे बघत होते, तिकडे त्यांनी आता पाहिलं.

बोळाच्या पलीकडे, अगदी समोर, एक दार सताड उघडं होतं. उंबरा नुकताच पुसलेला. आत खाट, खाटेवर पांढरी चादर. खाटेशेजारी स्टूल. स्टुलावर घडी घातलेला टॉवेल.

ते सलोमी कसोटेंचं घर होतं. मिशन दवाखान्याच्या जुन्या मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स. अर्धी बोरखडी त्यांच्या हातावर जन्मली, आणि उरलेल्या अर्ध्या बोरखडीनं त्यांच्या शिव्या खाल्ल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवर होत्या.

हिवाळे त्याच बोळातून आले होते. ते दार त्यांना दिसलंही होतं. उन्हाळ्याचे दिवस, हवेला उघडलं असेल, एवढंच मनात आलं होतं.

आणि आल्यापासून ते भांबळसाहेब आणि ते दार यांच्या बरोबर मध्ये बसले होते.

"साहेब..." ते म्हणाले. "मी आज प्रभुभोजन घेतलंच नाही. ते पाकिटातलं मला मान्य नाही. मग माझ्या हाती वाटा कुठला यायचा?"

"हे मला नको सांगू. तिला सांग."

"पण मुद्दा बरोबर आहे ना माझा?"

"बरोबर आहे."

"मग..."

"जा. बरोबर आहे तो मुद्दा घेऊन जा. स्टूल मांडून ठेवलंय तिनं."

हिवाळे उठले नाहीत. तेवढ्यात बोळापलीकडून आवाज आला. खाटेवरून येत होता, तरी वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचेल असा.

"कोण आहे हो तुमच्याकडे, साहेब? एलिशा का?"

"हो, मेट्रनबाई," हिवाळ्यांनी स्वतःच उत्तर दिलं. "सलाम."

"सलाम. मोबाइलवर दिसलास सकाळी. नातसुनेनं उशाशी लावून दिला होता. हाताची घडी घालून बसला होतास. छान दिसत होतास. लग्नात रुसलेल्या मामासारखा."

भांबळसाहेबांच्या मिशा हलल्या.

"तुम्ही घेतलंत का, मेट्रनबाई?" हिवाळ्यांनी विचारलं. विचारताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "पाळक म्हणाले होते ना... घरच्या घरी..."

"काय घेऊ? बिस्किट? ते मी रोज चहात बुडवते." आवाज जरा थांबला, धाप लागली होती. "माझं मीच उचलून तोंडात घालायचं, तर ते नुसतं खाणं झालं रे. कुणीतरी आणून द्यावं लागतं. येईल कुणीतरी. अजून दोन वाजायचेत."

"तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही?"

"तू मला पथ्य शिकवू नको. तुझी नाळ मी कापलीय."

मग आतून नातसून कुरकुरल्याचं ऐकू आलं. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात अन्न नाही, असं काहीतरी ती म्हणत होती. मेट्रननी तिला गप्प केलं.

हिवाळे तडक भांबळसाहेबांकडे वळले. मुख्याध्यापक असताना शाळेत आग लागली होती तेव्हा ते असेच झटकन वळले असतील.

"साहेब, तुम्ही मोडा. इथेच, आत्ता. मी नेतो."

"मला मोडता येत नाही."

"का?"

"निवृत्त माणसानं सध्याच्या पाळकाच्या परवानगीशिवाय मेजाचा विधी करू नये. मंडळीचा ठराव आहे." भांबळसाहेब थांबले. "तूच मांडला होतास. चांगला ठराव आहे. नाहीतर माझ्यासारख्यांनी ज्याच्या त्याच्या ओट्यावर वेगळी मंडळी उघडली असती."

हिवाळ्यांना तो ठराव आठवला. टाळ्याही आठवल्या.

"म्हणजे मी अल्हाटकडे जाऊ?"

भांबळसाहेबांनी नुसतं समोरच्या दाराकडे पाहिलं.

"सभेला दोन तास राहिलेत. मी त्याच्या दारात जाऊन वाटा मागायचा? तो म्हणेल, सकाळी हाताची घडी, दुपारी हात पसरलेले. माझी माणसं म्हणतील, हिवाळे फुटले. मग पुलपिटासाठी कोण हात वर करणार? ते दगड जातील, साहेब. आमच्या आज्यानं खांद्यावर जू घेऊन आणलेले दगड आहेत ते."

"जातीलही."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"त्या पुलपिटावर मी आयुष्य काढलंय, एलिशा."

एवढंच बोलून म्हाताऱ्यानं डोळे मिटले. हिवाळ्यांना पहिल्यांदाच त्यांचं वय दिसलं. पापण्यांवर, हातांवर, सदऱ्याच्या सैल झालेल्या गळपट्टीत.

मग भांबळसाहेबांनी हात लांबवला आणि वरचं ताट बाजूला केलं. खाली पिठलं, कांदा, आणि एक ज्वारीची भाकरी. अख्खी. कडेचा पापुद्रासुद्धा कुणी तोडला नव्हता.

त्यांनी ती उचलली, आपल्या खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळली आणि हिवाळ्यांसमोर धरली.

हिवाळ्यांनी दोन्ही हात पुढे केले. भाकरी गार झाली होती, तरी हाताला जड लागली.

"पाकिटातलं नको," भांबळसाहेब म्हणाले. "ही मोडायला सांग त्याला. मी सांगितलंय म्हणून सांग. आधी पापांगीकार म्हणायचा, मग मोडायची. तोंडपाठ नसेल त्याला, तर तू म्हण, तो तुझ्या मागून म्हणेल."

"आणि पेला?"

"जाताना घरावरून जा."

हिवाळ्यांनी मान खाली घातली. खिशातली कपाटाची किल्ली आहे ना, ते हातानं चाचपून पाहिलं. आहे. तिचं वजन त्यांना आजवर कधी जाणवलं नव्हतं.

ते पायऱ्या उतरले. खालच्या पायरीवर थांबले. आपली चूक आता त्यांना मान्य होती, पण अल्हाटची त्यांनी माफ केली नव्हती, आणि करायचा विचारही नव्हता. सभेत ते बोलणार होते. पडद्यांवर बोलणार होते, पोत्यातल्या पुस्तकांवर बोलणार होते, पुलपिटाच्या एकेका दगडावर बोलणार होते. आवाज बसला तरी बोलणार होते.

"तुम्ही काय सांगणार आहात, ते अजून सांगितलं नाहीत," ते म्हणाले. "पोरं खुर्ची घेऊन येतील. सभेत सगळे तुमच्या तोंडाकडे बघतील. अल्हाटही बघेल. मी सगळ्यांना काय सांगू, साहेब कुणाच्या बाजूचे?"

भांबळसाहेबांनी पुन्हा समोर पाहिलं. मध्ये आता कुणी नव्हतं.

"मोडणारा देवळात बसलाय. नेणारा माझ्या पायरीवर उभा आहे. आणि तिचं दार सकाळपासून उघडं आहे."